तिसरा अंक वजा जाता

१

सोमवारी सकाळी दूधवाल्यासाठी कमलाकांत धैर्यवानांनी दार उघडलं, तर जिन्याच्या वरच्या पायरीवर एक मराठा सरदार बसला होता. जरीचा अंगरखा खांद्यावर फाटलेला, अर्धी मिशी गालावर लोंबलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. आणि बसल्या बसल्या तो करकरा मान खाजवत होता.

"भाऊसाहेब," सरदार म्हणाला, "मी कौसल्येला मारलं."

कमलाकांतांनी आधी दूध घेतलं, भांडं आत ठेवलं, मग सरदाराला दंडाला धरून घरात ओढलं आणि दार लोटलं. ठाकूरद्वारच्या त्या वाडीत समोरच्या खिडकीला कान होते आणि त्या कानांना दुसरा उद्योग नव्हता.

सरदाराचं खरं नाव जयवंत. परळच्या एका गिरणीत तो साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा आणि रविवारी कामगारांच्या नाट्यमंडळात राज्य करायचा. सध्याचं राज्य 'कंठमणी' नाटकातलं. त्यात सरदार रायाजी आपल्या दिवाणावर जळतो, संशयापायी बायकोचा, चंद्रकलेचा, गळा आवळतो आणि प्रेत खांद्यावर टाकून नदीत फेकतो. काल सव्विसावा प्रयोग झाला होता. कमलाकांत त्या मंडळाचे प्रॉम्प्टर. आयुष्याची तीस वर्षं सॉलिसिटरच्या ऑफिसात कागद ताडून पाहण्यात गेलेली, त्यामुळे लिहिलेलं एक आणि बोललेलं दुसरं असं झालं की त्यांना सहन व्हायचं नाही. नटाची चूक झाली की ते नाटकाच्या वहीत समासात पेन्सिलीनं बारीक रेघ मारत. जयवंताच्या नावावर पहिल्या दहा प्रयोगांत एकोणचाळीस रेघा होत्या, पुढच्या दहांत चार, आणि शेवटच्या सहांत एकही नाही. मंडळी खूश. कमलाकांत मात्र तेव्हापासूनच अस्वस्थ. जो मुळीच चुकत नाही तो पाठ केलेलं बोलत नाही, त्याला ते स्वतःचंच वाटायला लागलेलं असतं, असा त्यांचा हिशेब.

तशी लक्षणंही होती. महिनाभर जयवंत चहावाल्याला "कोण आहे रे तिकडे" म्हणून हाक मारत होता. दिवाणाचं काम करणारा कोंडीराम त्याचा शेजारी, साच्यावरचा जोडीदार. त्याच्याशी आपली बायको कौसल्या दोन शब्द बोलली तरी जयवंताच्या कपाळाची शीर उडायची.

"सगळं सांग," कमलाकांत म्हणाले. "काही गाळू नकोस, पदरचं घालू नकोस."

"प्रयोग संपला. रंग न पुसताच घरी गेलो. पाऊल टाकलं तर पायाखाली काच कचकचली. मग ती दिसली. मी तिचा गळा धरला. ती म्हणाली, 'नाथ, दिवा विझवू नका.' तिचा कंठमणी तुटला, मणी घरंगळत गेले. मग तिला खांद्यावर घेतली. फुलासारखी हलकी होती, भाऊसाहेब! रे रोडला वखारींच्या मागं नेली आणि पाण्यात टाकली. बुडेना. तरंगत तरंगत लांब गेली. पहाटे तिथंच एका ओंडक्यावर जाग आली." त्यानं दोन्ही हात पुढं करून पाहिले. "आता चौकीवर हजर होतो. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं, एवढंच."

"संध्याकाळी पाचपर्यंत थांब."

"कशाला?"

"जानेवारीत मोर्च्यावर गोळ्या झाडणारे पोलीस आहेत ते. संयुक्त महाराष्ट्र समितीचा गिरणीवाला आपल्या पायानं फासाकडं चालत आला, तर 'जरा नीट आठवून ये' म्हणून परत पाठवणार नाहीत."

"मी तिला मारलं असेल, तर मला फास हवाच."

"असेल तर. त्या 'असेल'साठी मला पाचपर्यंत वेळ दे."

यशोदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "खुनी माणूस माझ्या मोरीत आंघोळ करणार?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. मग जयवंताकडं एकवार नीट पाहिलं आणि बंब पेटवायला गेल्या.

२

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर जयवंताची खोली सताड उघडी होती. भांडी जागच्या जागी, अंथरूण गुंडाळलेलं. झटापटीची खूण एकच, उंबऱ्याच्या आत बांगड्यांच्या काचा पसरलेल्या.

कमलाकांत धोतर सावरून उकिडवे बसले आणि तुकडे रुमालात वेचू लागले. हिरवे, पिवळे, जांभळे, एक सोनेरी ठिपक्यांचा. एक तुकडा इतका लहान वाकाचा की तो सहा-सात वर्षांच्या मुलीच्याच मनगटाला बसला असता. त्यांच्या भुवया वर गेल्या. एका बाईच्या हातात एवढे रंग नसतात, आणि एवढी मापं तर नसतातच.

"काय ओ भाऊसाहेब, हयसर काय शोधतासात?"

खालच्या मजल्यावर खाणावळ चालवणाऱ्या गंगुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. चाळीतली कुठलीही बातमी त्यांच्या आमटीतून उकळून बाहेर पडायची.

"कौसल्याबाई कुठं दिसल्या का?"

"काल दुपारपासून दिसूक नाय. ऐतवारी माझ्याकडे चाळीस ताटां, मान वर काढूक गावणा नाय. का ओ? जयवंतान काय केल्यान तिका?"

"काही करण्यासारखी आहे का ती?"

गंगुबाई हसल्या. "गिरणीच्या वायंडिंग खात्यात दोन बॉबिनच्या पेट्या एका टायमाक उचलता ती! तिका कोण हात लावतलो? पण हल्ली त्याची नजर बरी नाय हां. नाटकातलो राजा घरात इलो की बायकांचे हाल."

"आणि शेजारच्या रखमाबाई? कोंडीरामच्या?"

"ती काल समितीच्या तुकडीतून सत्याग्रहाक गेली. नाक्यावर हार घातले तिका! आता तुरुंगात बसली आसा. तीन महिन्याचा पोर कोंडीरामान नायगावाक भैणीकडे धाडल्यान, म्हणता."

कोंडीरामच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप होतं. त्या बाजूनं कुठूनसं तान्ह्या मुलाचं रडणं आलं. दोन टाहो, की लगेच गप्प. कमलाकांत थबकले.

"चाळ आसा, कोणाचा तरी रडतला," गंगुबाई म्हणाल्या आणि आवाज खाली आणला. "तां सोडा. माझ्याकडे जेवणारो एक गडी रे रोडच्या वखारीत आसा. तो सकाळी सांगी होतो, तिथल्या पहारेकऱ्यान राती भूत बघल्यान. जरीचो अंगरखो घातलेलो शिपाई पिवळ्या लुगड्यातल्या बायेक खांद्यावर टाकून धावत इलो, आणि दिल्यान ना भिरकावून दर्यात!"

कमलाकांतांनी काचांचा रुमाल गाठ मारून पिशवीत टाकला. आता जयवंताच्या कबुलीला साक्षीदारही मिळाला होता.

३

परळच्या नाट्यगृहामागच्या खोलीत मंडळाचं सामान सांभाळणारा दत्ताराम तलवारी मोजत होता आणि शिव्याही मोजूनच देत होता.

"भाऊसाहेब, तुम्हीच सांगा. अंगरखा घालून हिरो घरी पळाला, ते एक सोडा. पण पुतळा? पुतळा कोणी न्यावा?"

"कुठला पुतळा?"

"कुठला काय! तिसऱ्या अंकातलं प्रेत. अंधार होतो, चंद्रकलेचं काम करणारी बाई विंगेत पळते आणि तिच्या जागी आपण गवताचा पुतळा सरकवतो, तो. काल आठ वाजता मागच्या दाराशी खुंटीला होता. मी चहा पिऊन येतो तर नाही! पिवळं लुगडंही गेलं, आणि ते लुगडं आमच्या घरातलं. आता घरी काय सांगू? प्रेतानं पळवलं?"

कमलाकांत एका पेटाऱ्यावर बसले. त्यांनी पिशवीतून नाटकाची वही काढली आणि तिसरा अंक उघडला. सकाळचा कबुलीजबाब त्यांना शब्दन् शब्द आठवत होता. ते वाचत गेले आणि मनातल्या मनात एकेक गोष्ट वजा करत गेले. 'नाथ, दिवा विझवू नका' हे वहीत होतं. कंठमणी तुटतो, मणी घरंगळतात, तेही होतं. कौसल्येच्या गळ्यात काळी पोत सोडून दुसरं काही कुणी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे गळा आवळला गेला तो वहीतल्या चंद्रकलेचा.

मग आलं प्रेत उचलणं. वहीत रायाजीचं वाक्य होतं, 'किती जड झालीस, चंद्रकले! मरणाचंही वजन असतं का?' आणि पुढं, 'पाण्यानं तुला पोटात घेतलं.'

जड. आणि बुडाली.

सव्वीस प्रयोगांत हे वाक्य जयवंत एकदाही चुकला नव्हता. पण सकाळी तो म्हणाला, हलकी होती. म्हणाला, बुडेना. नाटक वजा केल्यावर जे शिल्लक राहिलं ते त्याच्या डोक्यातलं नव्हतं, त्याच्या खांद्यानं आणि डोळ्यांनी खरोखर अनुभवलेलं होतं. पेट्या उचलणारी कौसल्या फुलासारखी हलकी? बाई पाण्यावर तरंगत लांब जाईल? आणि मान का खाजत होती? सुकं गवत फाटक्या अंगरख्यातून टोचलं की खाजणारच.

"दत्ताराम," ते उठत म्हणाले, "तुझ्या पुतळ्याचा खून झाला. प्रेत समुद्रात आहे."

"आणि लुगडं?"

"तेही सती गेलं."

जिना उतरताना त्यांच्या छातीवरचं अर्धं ओझं उतरलं होतं. उरलेलं अर्धं मात्र जागचं हललं नाही. जयवंतानं पाण्यात गवत टाकलं हे खरं. पण मग कौसल्या कुठं होती? माणूस खोलीतून आपोआप नाहीसा होत नाही; दुसऱ्या कुणी तिला नाहीसं केलं असेल तर?

४

साडेतीनला पाळी सुटली. गिरणीच्या फाटकातून कोंडीराम बाहेर पडला तो मान खाली घालून. सदऱ्याच्या कॉलरला वरपर्यंत गुंड्या लावलेल्या. मार्च महिन्यात गिरणीतून सुटलेला माणूस आधी गुंडी सोडतो.

"गळ्याला काय झालं रे?"

कोंडीरामनं कॉलर धरली. "काही नाही. कालच्या प्रयोगात जयवंतानं जरा जोरात धरलं. दुसऱ्या अंकात."

"दुसऱ्या अंकात तो तुझा हात धरतो. गळा नाही."

"तेच तर, भाऊसाहेब! तुमचं डोकं वहीत होतं, त्याचे डोळे बघितले असते तर तुम्ही पडदा पाडला असता. मध्यंतरात त्याला एक गोष्ट सांगायची होती, तर म्हणाला, 'तिचं नाव तुझ्या जिभेवर आलं तर जीभ छाटीन.' छाटीन! साच्यावरचा माणूस असं बोलतो का?"

"कुठली गोष्ट सांगायची होती?"

कोंडीराम एकदम आपल्या चपलेचा अंगठा बघू लागला. "तशी काही नाही."

"कौसल्याबाई कुठं आहेत?"

"मला काय ठाऊक?"

खोटं बोलणाऱ्यांचे कमलाकांतांनी दोन वर्ग केले होते. एक मजेनं बोलतात, दुसरे कुणाला तरी दिलेल्या शब्दापायी. हा दुसऱ्या वर्गातला. त्याच्या हातात दवाखान्यातल्या औषधाची बाटली होती, बाजूला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली.

"हे कुणाला?"

"मला. ताप आहे."

पट्टीवरच्या खुणा इतक्या जवळजवळ होत्या की एक डोस म्हणजे जेमतेम चमचाभर. एवढ्या औषधानं मोठ्या माणसाची जीभही ओली झाली नसती. कोंडीराम निघाला, आणि निघाला तो नायगावच्या रस्त्यानं नव्हे, सरळ लालबागकडं.

चार वाजून गेले होते. कमलाकांतांनी गिरगावची ट्राम धरली.

५

समितीच्या कचेरीत टेबलामागं हेरंब नावाचा एक कार्यकर्ता तीन माणसांशी एकाच वेळी भांडत होता. कमलाकांतांनी त्याच्यापुढं रुमाल उघडला.

"हे काय, भाऊसाहेब? आमच्याच आहेराचा चुरा!" हेरंब हसला. "काल महिलांची तुकडी गेली ना, मंत्र्यांच्या बंगल्यावर. घरोघरच्या बायकांकडून बांगड्या गोळा केल्या. म्हटलं, महाराष्ट्र देववत नसेल तर ह्या भरा. एकतीस जणींना अटक. आज कोर्टानं पंधरा-पंधरा दिवस दिले."

"नावं दाखव."

कौसल्येचं नाव नव्हतं. बारावं नाव होतं, रखमा कोंडीराम, लालबाग.

कमलाकांतांनी त्या नावावर बोट ठेवलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं.

घरी पोचले तेव्हा पाचला पाच कमी होते. जयवंत आंघोळ करून, कमलाकांतांचाच शर्ट घालून, पायात चपला चढवून दारात उभा.

"दोनदा निघाला होता," यशोदाबाई म्हणाल्या. "एकदा चहा दिला, एकदा गहू निवडायला दिले. आता माझ्याकडं काही उरलं नाही."

"चल," कमलाकांत म्हणाले. "चौकीवर जायचंच तर लालबागवरून जाऊ."

वाटेत त्यांनी पुतळ्याचं सांगितलं, नाट्यगृहातून निघतानाच त्यानं तो खुंटीवरून उचलून खांद्यावर टाकला असणार म्हणून. जयवंतानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मला वाचवायला रचताय तुम्ही. पुतळा टाकला असेल. पण मग ती कुठं आहे? घरात का नाही? ते सांगा."

ते कमलाकांतांनी चाळीच्या गॅलरीत, कोंडीरामच्या कुलपासमोर उभं राहून सांगितलं.

"तुमच्या वायंडिंगात एखादीला येणं जमलं नाही की काय होतं?"

"बदली उभी राहते."

"कुणाच्या नंबरावर?"

"जिची पाळी तिच्या. मुकादमाला यंत्राची साइड चालू राहिल्याशी मतलब." जयवंताला हे कशाला विचारतायत ते कळेना.

"काल तुझ्या खोलीत बायका जमल्या, बांगड्यांची टोपली भरली. भरताना काही फुटल्या, त्या काचांवर तू रात्री पाय दिलास. तुकडीत नाव रखमाबाईंचं लागलेलं. ऐन वेळी पोराला ताप भरला. अंगावर पिणारं पोर, त्याला टाकून तुरुंगात कशी जाणार? आणि नाव लागल्यावर मागं सरली तर चाळीत तोंड कसं दाखवणार? मग नेहमी करतात तेच केलं. डोक्यावरून पदर घेतला आणि शेजारीण तिच्या नंबरावर उभी राहिली. पोलिसांना काय, एकतीस मुंडकी भरली. पण तुरुंगात असलेली रखमाबाई चाळीत दिसली, तर तिकडं खोटं नाव दिलेली बाई अडकते. म्हणून दाराला बाहेरून कुलूप. मोठ्या माणसांना गप्प बसता येतं रे, तान्ह्याला येत नाही. ते रडतं, आणि आईनं घेतलं की लगेच गप्प होतं."

कमलाकांतांनी दारावर टकटक केली.

"रखमाबाई, मी धैर्यवान. जयवंत आलाय."

आत काहीतरी खुडबुडलं. मग फटीतून अगदी हलका आवाज आला.

"भाऊसाहेब, हळू बोला. मी तुरुंगात आहे."

जयवंत कुलपाला कपाळ टेकून मटकन खाली बसला. "वहिनी, कौसल्या..."

"बरी आहे, भाओजी. आमच्या ह्यांना म्हणाली होती, घरी सांगा म्हणून. पण तुम्ही यांचा गळाच धरलात! मग हे घाबरले." थोडं थांबून आवाज पुन्हा आला. "जाताना ती हसत होती. म्हणाली, नाटकातल्या राजापेक्षा सरकारचा तुरुंग बरा, तिथं निदान झोप तरी मिळेल."

जिन्यावरून दुधाचा तांब्या घेऊन कोंडीराम येत होता. जयवंताला पाहून तो दोन पायऱ्या मागं सरला. जयवंत उठला, त्याच्याकडं गेला आणि त्याच्या कॉलरची वरची गुंडी त्यानं आपल्या हातानं सोडली. आतले बोटांचे वळ पाहिले. मग लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. "रडतोस काय येड्या," कोंडीराम म्हणाला आणि स्वतःही नाक पुसू लागला. गंगुबाई खालून ओरडल्या, "काय झाला रे? कोण मेला?"

"गवत," कमलाकांत वरून म्हणाले.

६

मंडळानं 'कंठमणी' गुंडाळून ठेवलं. जयवंतानं स्वतःच सांगितलं, पुढं वर्षभर मला गड्याचं काम द्या, चार वाक्यांचं, आणि ती चारही विनोदी असली पाहिजेत.

रविवारी तुरुंगात भेट मिळाली, ती फक्त जवळच्या नातलगांना. कमलाकांत फाटकाबाहेर लिंबाखाली थांबले, पण खिडकीतलं रजिस्टर तिथून दिसत होतं. कोंडीरामनं लिहिलं, 'कैदी रखमा. नातं: नवरा.' लिहून झाल्यावर तो भीतभीत जयवंताकडं पाहू लागला. एका आठवड्यापूर्वी एवढ्या दोन शब्दांसाठी जयवंतानं तलवार उपसली असती. आता त्यानं टाक घेतला आणि त्याच्याखाली शांतपणे लिहिलं, 'दीर.'

गजांपलीकडं कौसल्या आली. झोप चांगली झाल्यासारखी दिसत होती. शेजारी पहारेकरीण बाई कान देऊन उभी.

"अहो," ती कोंडीरामला म्हणाली, "बाळाचा ताप उतरला?"

"उतरला, उतरला," कोंडीरामला घाम फुटला होता.

मग तिची नजर जयवंताकडं वळली. त्याची दाढी केलेली, डोळे लाल, अंगावर साधा सदरा. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. कुठं सरदार उरलाय का ते पाहत असावी.

"आणि काय भाओजी, जेवता ना वेळेवर? तुमची बायको बरी आहे ना?"

जयवंतानं गज धरला. मग महिनाभरात कुणी ऐकला नव्हता अशा त्याच्या स्वतःच्या, बसक्या, साच्यांच्या खडखडाटात घासलेल्या आवाजात तो म्हणाला,

"बरी आहे, वहिनी. आत्ताच पाहिली तिला."